सू डोंगपो: शहाणपण आधी की कळवळा?

अनवट (धागाकर्ता)

मंडळी, या माणसावर धागा काढायचं कधीपासून मनात होतं. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

सू शी, टोपणनाव सू डोंगपो. चीनच्या सोंग राजवटीतला कवी आणि सरकारी अधिकारी. जन्म १०३७, सिचुआनमधलं मेइशान. वडील सू श्यून, धाकटा भाऊ सू चे. १०५७ साली दोघे भाऊ राजधानीतली परीक्षा एकदमच पास झाले. पेपरावर नाव नसे. मुख्य परीक्षक ओउयांग श्यूला सू शीचा निबंध फार आवडला, पण हा आपल्याच शिष्याचा असणार असं वाटून त्याने पक्षपाताचा ठपका नको म्हणून दुसरा नंबर दिला. निबंधात एक प्रसंग होता: न्यायाधीश तीनदा म्हणतो ‘मारा’, सम्राट याओ तीनदा म्हणतो ‘सोडा’. हे कुठल्या ग्रंथातलं, परीक्षकांना आठवेना. नंतर विचारलं तर पठ्ठ्याने सांगितलं, असंच घडलं असणार, दुसरं काय! विशीतल्या पोराची ही मिजास पुढे चांगलीच भोवली.

१०७९ मध्ये त्याला हूझोऊमधून पकडून नेलं. गुन्हा? कविता. वांग आनशी या मंत्र्याने सुरू केलेल्या नव्या धोरणांची त्यांत टिंगल होती म्हणून. चार महिन्यांहून अधिक काळ तुरुंग, ओळ न ओळ समोर ठेवून जाब-जबाब. जगत नाही असं वाटून भावाला निरोपाच्या कविता लिहिल्या: जन्मोजन्मी तुझाच भाऊ होऊ दे, या जन्मी राहिलेलं पुढच्या जन्मी पुरं करू. घरच्या बायका बोटीने निघाल्या तर शिपायांनी त्या बोटीचीही झडती घेतली. शिपाई गेल्यावर बायकांनी संतापून, ‘पुस्तकं लिहायच्या नादाने हे दिवस आणले!’ म्हणत बहुतेक कागद जाळून टाकले. हे त्यानेच नंतर एका पत्रात लिहून ठेवलंय.

जीव वाचला, पण रवानगी ह्वांगझोऊला. (पश्चिम सरोवरवालं हांगझोऊ वेगळं. नावांचा घोळ करू नका, मी पूर्वी वाचताना बराच केलाय.) पद नावापुरतं, सरकारी कागदावर सही करायची मुभा नाही, पगार जवळजवळ बंद. तिथून त्याने शिष्य छिन ग्वानला खर्चाची युक्ती कळवली. महिन्याच्या एक तारखेला साडेचार हजार नाणी काढायची, त्यांचे तीस जुडगे करून आढ्याला टांगायचे. रोज सकाळी चित्रं टांगायच्या लांब काठीने एक जुडगा खाली घ्यायचा आणि काठी लपवून ठेवायची. दीडशे नाण्यांत दिवस भागवायचा, उरलं तर बांबूच्या नळकांड्यात, पाहुण्यांसाठी. ती काठी लपवण्याची गोष्ट वाचून मला हा माणूस एकदम जवळचा वाटला. हात आपलाच, त्याच्यावर भरवसा नाही.

आता मुद्दा. समाजमाध्यमांवर डोंगपो फिरतो तो ‘शांत राहा, सोडून द्या’ या थाटात. त्याला कारण १०८२ च्या वसंतातली पावसाची कविता. वाटेत पाऊस गाठतो, छत्र्या घेतलेली माणसं पुढे निघून गेलेली, सोबतचे सगळे वैतागलेले. हा म्हणतो, पानांवर पाऊस आपटतोय त्याकडे कान देऊ नका, गुणगुणत सावकाश चालायला काय हरकत आहे? हातात काठी, पायात गवती चपला, घोड्यापेक्षा हलकं. शेवटी मागे वळून बघतो तर तिथे ना पाऊस, ना ऊन.

सुंदरच आहे. पण त्याच वसंतातल्या त्याच्या दुसऱ्या दोन कविता कुणी सोबत चिकटवत नाही. ह्वांगझोऊतला हा तिसरा ‘थंड अन्नाचा सण’, पाऊस दोन महिने थांबलेला नाही. घर म्हणजे ढगात सापडलेलं मासेमाऱ्याचं होडकं. रिकाम्या स्वयंपाकघरात थंडगार भाजी शिजवायची, फुटक्या चुलीत ओला बोरू जाळायचा. राजाचं दार नऊ दरवाज्यांपलीकडे, आईबापांची थडगी हजारो कोस दूर. रस्ता संपला म्हणून रडावं म्हटलं, तर राख इतकी विझलेली की फुंकूनही पेटत नाही. त्याच्या हातचं हे लिखाण तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. सुरुवातीची अक्षरं बेताची, आणि ओळी पुढे सरकतात तशी ती मोठी, जाड, अंगावर येणारी होत जातात.

पाऊस तोच, माणूस तोच. म्हणून ‘ना पाऊस, ना ऊन’ ही ओळ ज्याला काही लागतच नाही अशा माणसाची मला वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मुळशीकर

झकास. वाचनखूण साठवली. तो काठीचा प्रकार आमच्या घरी डेबिट कार्डासाठी सुरू करावा म्हणतो.

तिरकस

लेख चांगला आहे, पण आरती जरा आवरती घ्या. हा सरकारी अधिकारी. हद्दपारी म्हणजे पगार तुटला आणि गाव लांबचं मिळालं. घरात बायको, उपस्त्री, मुलं, नोकरमाणसं. मित्राने खटपट करून लष्कराची पडीक जमीन मिळवून दिली, तीच ती पूर्वेची टेकडी, ‘डोंगपो’. शेजारच्या कुळाला कुणी अशी जमीन दिली का? चांदण्यात फिरायला ज्याला सवड, त्याला तत्त्वज्ञान सुचतं. शिवाय वांग आनशीचं धोरण काय होतं ते बघा: पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला सरकारी कर्ज, म्हणजे सावकाराच्या पाशातून सुटका. त्याला विरोध करणारे कोण होते हे काही गुपित नाही.

गोदाकाठ

तिरकसराव, कर्जाचा मुद्दा काढलात ते बरं केलंत, कारण खटल्यातल्या दोन कविता नेमक्या यावरच आहेत.

त्या ‘हिरव्या कोंबांच्या’ कर्जाला एका हंगामाला वीस टक्के व्याज होतं. कागदावर ऐच्छिक. प्रत्यक्षात वरून आकडे आले की खालचे अधिकारी ते गळ्यात मारायचे. डोंगपो तेव्हा हांगझोऊत दुय्यम अधिकारी होता, खेडोपाडी फिरत होता. त्याने लिहिलं: शेतकरी काठी घेऊन, भाताचं गाठोडं बांधून लगबगीने शहराला जातो. पैसा डोळ्यांसमोरून जातो आणि हात रिकामा. कमाई एकच, पोरांची बोली सुधारली, कारण वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ शहरातच जातो.

आमच्याकडे पीककर्जासाठी सोसायटी, तलाठी, बँक अशा खेपा मारणाऱ्याला ही कविता समजावून सांगावी लागणार नाही. पोरांच्या बोलीवर बोट ठेवायला तिथे उभं राहून ऐकावं लागतं, कचेरीत बसून हे सुचत नाही.

दुसरी मिठाची. सत्तर वर्षांचा म्हातारा कमरेला विळा लावून डोंगरात बांबूचे कोंब आणि नेच्याची पालवी शोधतोय. कन्फ्यूशियसने म्हणे एक दिव्य संगीत ऐकलं आणि तीन महिने मांसाची चव विसरला. डोंगपो विचारतो, या म्हाताऱ्यानेही ते संगीत ऐकलं काय? छे, तीन महिने झाले, जेवणात मीठच नाही. मीठ सरकारी मक्तेदारीत होतं आणि नियम कडक केले होते. असली ओळ दरबारात झोंबणार नाही तर काय!

कोकणकडा

त्यावर कळस ऐका. भावाला वाचवण्यासाठी सू चेने आपलं पद काढून घ्या पण याला सोडा असा अर्ज केला. त्यालाही शिक्षा झाली आणि बदलीवर काम काय मिळालं? मीठ आणि दारूच्या कराची वसुली.

मुळशीकर

कार्मिक खात्याला विनोदबुद्धी असते, फक्त ती आपल्यावर चालवतात.

अनवट

@तिरकस, हितसंबंधांचं म्हणणं पूर्ण खोडता येणार नाही. विरोधकांत बडे जमीनदार होतेच. पण डोंगपोला त्या गटात बसवलं की १०८६ चं कोडं सुटत नाही. सम्राट वारला, वारं फिरलं, विरोधकांचा पुढारी सिमा ग्वांग सत्तेवर आला आणि वांग आनशीचं सगळं मोडीत काढायला निघाला. डोंगपो आता जिंकणाऱ्या बाजूला. गप्प बसला असता तर आयुष्यभराची सोय होती. हा उठून म्हणाला, सक्तीच्या वेठीऐवजी पैसे घेऊन माणसं नेमायची वांग आनशीची पद्धत चांगली आहे, ती ठेवा. म्हणजे दोन्हीकडून शिव्या.

त्याआधी १०८४ मध्ये तो नानजिंगला वांग आनशीला भेटलाय. वांग निवृत्त, थकलेला, मुलगा गेलेला. दोघे फिरले, एकमेकांना कविता दिल्या. डोंगपोची ओळ आहे की तुमच्या मागून यायला मला दहा वर्षं उशीर झाला. ज्याच्या धोरणापायी तुरुंग पाहिला त्याला हे लिहायचं! आणि त्याच सुमारास डोंगपोचं तान्हं मूलही दगावलं होतं. वर्षापूर्वी त्याला पहिलं न्हाऊ घालायच्या समारंभाला गंमत केली होती: सगळ्यांना पोर हुशार हवं असतं, माझ्या हुशारीने माझं वाटोळं केलं. हे लेकरू मठ्ठ निघो आणि बिनघोर मंत्रिपदाला पोचो. चार ओळींत शेवटी मंत्र्यांनाही चिमटा. त्या कवितेकडे आता हसून बघता येत नाही.

पेठकरीण

तुम्ही सगळे राजकारणात शिरलात, मी जरा घरात येते.

पहिली बायको वांग फू १०६५ मध्ये गेली. लग्न झालं तेव्हा सोळाची होती, सत्ताविसाव्या वर्षी संपली. दहा वर्षांनी, १०७५ च्या पहिल्या महिन्यात, हा मीझोऊला असताना ती स्वप्नात आली. कवितेचा माझ्या बोलीत खर्डा:

दहा वर्षं झाली, तू पलीकडे, मी अलीकडे, अंत लागत नाही.
मुद्दाम आठवत नाही,
विसरता येत नाही.
तुझी एकटी समाधी हजार कोसांवर, कुणाला सांगू?
भेटलो तरी तू ओळखायची नाहीस,
तोंडावर धूळ, कानशिलं पांढरी.

पुढे स्वप्न. ती माहेरघरच्या… चुकले, सासरच्या घरात लहानशा खिडकीशी केस विंचरत असते. दोघं बघतात. बोलणं काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी.

मला ‘ओळखायची नाहीस’ हे सगळ्यात लागतं. मेलेली व्यक्ती आहे त्या वयाची राहते, म्हातारं होणं मागे राहिलेल्याच्या वाट्याला येतं. माझ्या वडिलांना आई गेल्यावर आरशासमोर अशीच काहीशी चमत्कारिक लाज वाटायची, असं ते एकदा बोलून गेले होते.

आणि हो, कविता लिहिली तेव्हा दुसरी बायको, वांग रुन्झी, त्याच घरात होती. पहिलीची चुलतबहीण. तिला काय वाटलं, कुणी लिहून ठेवलं नाही. पण ‘लाल कड्या’वरच्या दुसऱ्या लेखात ती येते. चांदणी रात्र, पाहुण्याने मासा आणलाय, दारू नाही. हा घरी येऊन बायकोला विचारतो. ती म्हणते, माझ्याकडे थोडी आहे, केव्हाची जपून ठेवलीय, तुम्हाला कधी अचानक लागली तर म्हणून. बास, एवढंच वाक्य. पण आढ्याला टांगलेल्या जुडग्यांतून तिने ती कशी बाजूला काढली असेल त्याचा हिशेब मी मनातल्या मनात मांडला.

तिरकस

पेठकरीणताई, सुरेख. पण त्याची उपस्त्री चाओयुन, तिचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. हांगझोऊला घरात आली तेव्हा बारा वर्षांची. ते मठ्ठ निघो म्हटलेलं मूल तिचं. पुढे दक्षिणेत हुईझोऊला पुन्हा हद्दपारी झाली तेव्हा बाकीचं बहुतेक घर मागे राहिलं, ही सोबत गेली आणि १०९६ मध्ये तिथेच वारली, चौतिसाव्या वर्षी. त्याने समाधीलेख लिहिला, कविता लिहिल्या. तिची बाजू? शून्य. कळवळा मोजायचा तर हेही त्याच तराजूत घाला.

पेठकरीण

घालते. हे खटकतं आणि खटकायलाच हवं. ‘तेव्हा तसं होतं’ म्हणून मी ते पुसणार नाही.

निवृत्त_नायब

मी साहित्यातला नव्हे. महसूल खात्यात हयात गेली. ’७२ च्या दुष्काळात नवा कारकून होतो, कामांवरची मस्टर आणि सुकडीचे हिशेब लिहीत होतो. त्यामुळे मला या गृहस्थाची पत्रं कवितांपेक्षा जास्त वाचाविशी वाटतात.

ह्वांगझोऊतून त्याने नदीपलीकडच्या अझोऊचा प्रमुख झू शौछांग याला पत्र लिहिलं आहे. एका पाहुण्याकडून त्याला कळलं की त्या भागात गरीब घरांत दोन मुलगे, एक मुलगी झाली की पुढचं मूल जन्मतःच थंड पाण्यात बुडवतात. मुली जास्त. आईबापांनाही सहन होत नाही, ते डोळे मिटून, तोंड फिरवून परातीत हात दाबून धरतात, आणि मूल बराच वेळ रडत राहतं. ऐकून त्याला अन्न गेलं नाही.

इथवर कुणीही हळवा माणूस येतो. पत्र पुढे काय म्हणतं ते पाहा. मुलाला मारल्यास दोन वर्षांची सजा असा कायदा आहे, तो गावोगाव भिंतींवर लावा. खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवा. ज्या घरी खरोखर पोसायची ऐपत नाही तिथे सधनांना मदत करायला लावा. आणि मग एक वाक्य: जन्मल्यावर पहिले काही दिवस मूल वाचलं, की नंतर मारा म्हणून सांगितलं तरी आईबाप मारणार नाहीत.

हे वाक्य माझ्या टेबलावर आलं असतं तर मी त्यावर लाल पेन्सिलीने रेघ मारून ठेवली असती. उपदेश नाही, शिव्याशाप नाहीत. धोका नेमका किती दिवसांचा आहे ते त्याने ओळखलं आणि सगळी व्यवस्था तेवढ्या दिवसांभोवती उभी करायला सांगितली.

स्वतःचा दाखलाही देतो. मीझोऊला प्रमुख असताना दुष्काळात लोक मुलं टाकून देत होते. लोकांकडून मिळवलेला तांदूळ पुन्हा मोजल्यावर काही शे दगड (त्यांचं धान्याचं मोठं माप) जादा निघाला. तो त्याने वेगळा साठवला, इतर कशालाही लावला नाही, आणि टाकलेलं मूल सांभाळील त्याला महिना सहा मापं (एका दगडाची दहा मापं) ठरवून दिली. वर्षभरात सांभाळणाऱ्यांना आणि मुलांना एकमेकांचा आईबाप-लेकरासारखा लळा लागला, मुलं घरोघर टिकली. मोजणीत निघालेल्या जादा धान्याचं सहसा काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

ह्वांगझोऊला अधिकार नव्हता, तर ओळखीच्यांना धरून मंडळ काढलं. सधन घरांनी वर्षाला हजार नाणी द्यायची, त्यातून तांदूळ, कापड, कापूस, हिशेब एका भिक्षूकडे. वर्षाला शंभर मुलं वाचली तर रिकामपणातला तेवढाच आनंद, मी गरीब खरा पण दहा हजार देईन, म्हणाला. अनवट यांनी दिलेल्या दीडशेच्या हिशेबाने हा त्याच्या घरचा दोन महिन्यांहून जास्त खर्च झाला. तिरकस, चांदण्यात फिरायला सवड होती हे खरंच. त्या सवडीत हेही झालं.

गोदाकाठ

नायबसाहेब, दंडवत. या प्रतिसादाचा वेगळा धागा करा.

तिरकस

सहा मापांवर लळा. हे मात्र मानलं.

शांघायकर

नोकरीमुळे इकडे बरीच वर्षं आहे, हांगझोऊ जलद रेल्वेने तासाभरावर, त्यामुळे पाहुणे आले की पश्चिम सरोवर ठरलेलं. तिथला सू बांध म्हणजे याचीच करामत. १०८९ ला तो हांगझोऊचा प्रमुख म्हणून परत आला तेव्हा सरोवर पाणवनस्पतींनी निम्मं बुजलं होतं. गाळ काढला, आणि तो टाकायचा कुठे, तर सरोवरातच उत्तर-दक्षिण रस्ता घातला. जवळपास पावणेतीन किलोमीटर, सहा पूल. पैशांसाठी दरबाराकडे भिक्षू-दीक्षेचे शंभर परवाने मागितले, ते विकून निधी उभा करायचा. पुन्हा कुणी पाण्यात लागवड करत पुढे सरकू नये म्हणून हद्दीला तीन दगडी मनोरे बसवले. आजचे मनोरे नंतरचे, पण एक युआनच्या नोटेवर मागे तेच दिसतात. त्याच सुमारास स्वतःचं पन्नास ल्यांग (तिकडचं वजनाचं माप) सोनं घालून गरिबांसाठी दवाखानाही काढला होता.

सुट्टीच्या दिवशी त्या बांधावर चेंगराचेंगरी असते. हॉटेलात मातीच्या चिमुकल्या भांड्यात डोंगपो मांस येतं, डुकराच्या पोटाचा चौकोनी तुकडा, सोया आणि शाओशिंगची दारू घालून मुरवलेला, चॉपस्टिक लावली की सुटतो. मूळ कृती त्याच्या ह्वांगझोऊच्या दिवसांतली: भांडं धुवा, पाणी कमी, आच मंद, घाई करू नका. तिथे डुक्कर मातीमोल होतं, श्रीमंत खात नसत आणि गरिबांना शिजवता येत नसे, असं त्यानेच लिहिलंय.

कोकणकडा

अनवट, हायनानबद्दल लिहा की. मुंगीची गोष्ट राहिली.

अनवट

१०९७. साठी ओलांडलेली, समुद्रापलीकडे हायनान बेटावर दानझोऊला धाडलं. सोबत फक्त धाकटा मुलगा सू ग्वो. तिथून एका पत्रात यादी आहे: खायला मांस नाही, आजारात औषध नाही, राहायला घर नाही, बाहेर मित्र नाहीत, हिवाळ्यात कोळसा नाही, उन्हाळ्यात थंड पाणी नाही.

बेटावर पोचल्यावर चारी बाजूंना पाणी पाहून त्याला भडभडून आलं, इथून कधी सुटणार? मग विचार केला की पृथ्वीच पाण्यात आहे, सगळा चीन समुद्राने वेढलेला आहे, बेटावर नाही असा आहे कोण? आणि मुंगी: जमिनीवर वाटीभर पाणी सांडतं, त्यात एक काडी तरंगते, काडीला मुंगी चिकटलेली. भोवती अथांग समुद्र, तिला किनारा दिसत नाही. थोड्या वेळात पाणी जिरतं, ती चालत घरी जाते आणि भाऊबंदांना बघून रडते: वाटलं होतं तुमची गाठ पडत नाही. कुणाला ठाऊक, घटकेत चहूबाजूंनी रस्ते मोकळे होतील!

मला त्यातलं मुंगीचं रडणं महत्त्वाचं वाटतं. बोधकथाच सांगायची तर ती हसत घरी गेली असती. पाणी जिरल्यावरही ती रडते, आणि डोंगपो तिला रडू देतो.

११०० मध्ये माफी मिळाली, ११०१ मध्ये परतीच्या वाटेवर छांगझोऊला गेला. त्याआधी स्वतःच्या चित्रावर लिहिलं: आयुष्यभराचं कर्तृत्व विचाराल तर ह्वांगझोऊ, हुईझोऊ, दानझोऊ. तिन्ही हद्दपारीची गावं. बांध, दवाखाना, दरबारातली पदं, कशाचंच नाव नाही. मेल्यानंतर काही वर्षांत त्याच्या पुस्तकांचे छापायचे ठोकळे जाळायचा हुकूम निघाला.

निवृत्त_नायब

गोपनीय अहवालात स्वतःच स्वतःला मारलेला शेरा. असा कुणी पाहिला नाही.

पेठकरीण

जाता जाता हुईझोऊचं भावाला लिहिलेलं पत्र टाकते, कुणीतरी टाकायलाच हवं. बाजार बेताचा, रोज एकच मेंढा कापला जातो. हद्दपार माणसाने नोकरीतल्या अधिकाऱ्यांशी चढाओढ करू नये म्हणून हा खाटकाला पाठीचा कणा ठेवायला सांगतो. हाडं शिजवायची, गरम असतानाच निथळून दारूत भिजवायची, किंचित मीठ लावून जरा करपेपर्यंत भाजायची. मग दिवसभर सांध्यांतून गुंजभर मांस कोरत बसायचं, खेकड्याचा नांगा खाल्ल्याचं सुख. तू तीन वर्षं सरकारी भटारखान्यात जेवतोयस, दातांना हाड लागलं नसेल, तुला ही चव काय कळणार, असं भावाला चिडवलंय. आणि शेवटी खबरदारीची सूचना: ही कृती सगळीकडे पसरली तर कुत्री नाराज होतील.

मुळशीकर

रविवारी कणा आणतोय. आमच्या मोत्याला कळवू नका.